बाकावरची दुसरी मुलगी

आर्डिसआजीवर रागवायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही. तोंड उघडावं तर ती लिंबाच्या वड्यांचा डबा पुढे करते, आणि तोंडात वडी असताना भांडता येत नाही. मी इथल्या प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते. मूळची शिकागोची, लग्न करून विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात आले. निम्मं आयुष्य इथं गेलं तरी गावाच्या लेखी मी अजून 'ती शिकागोवाली, फटकळ तोंडाची'. असू दे.

आर्डिस टोलेफसन जन्मभर चीजच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून येणाऱ्या वड्यांतली वाकडी वडी उचलायची, कडा तासून सरळ करायची आणि परत ठेवायची, हे तिचं काम. कारखाना सुटला, नवरा व्हर्लिन गेला, मुलगा पार ओरेगनला जाऊन बसला. तेव्हापासून ती आमच्या शाळेत येते, एक छदाम न घेता. अख्खं गाव तिला आजी म्हणतं आणि अगंतुगं करतं. थंडीत उघड्या हातांनी आलेल्या पोराला तिनं विणलेले हातमोजे मिळतात. कुणाला उलटी झाली की आम्ही मास्तरणी नाक धरून लांब उभ्या, आणि आजी बादली घेऊन त्याच्या पाठीवर हात फिरवत बसलेली. हे सगळं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

कारण माझ्या वर्गात आली की तिचे हात शिवशिवतात. मुलं घरी गेली की ती 'आवरायला' मागे थांबते, आणि सकाळी पाहावं तर पाच पायांच्या घोड्याचा एक पाय गायब. जांभळा सूर्य पिवळा झालेला. तिरळ्या मांजरीचे डोळे सरळ. वर्गातल्या सगळ्या मांजरी एकाच आईच्या पोटच्या दिसायला लागतात. पालक येऊन म्हणतात, अगंबाई, आमच्या बबड्याला इतकं छान येतं? मी काय बोलणार, कपाळ माझं?

सांगितलं नाही असं नाही. मी स्पष्ट म्हटलं, आजी, मुलांच्या कामाला हात लावू नकोस. तर ती हसली. "अगं, लावते कुठे? जरा नीट करते." दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल क्वामबाईंनी मला आत बोलावलं. या गावात वाईटाला वाईट म्हणायची पद्धत नाही. जेवण तोंडात घालवत नसेल तर ते 'वेगळं' असतं, आणि पाहुणा चार तास उठत नसेल तर तो 'गप्पिष्ट'. बाई म्हणाल्या, "बर्नी, तिला या शाळेशिवाय दुसरं आहे काय?" मी विचारलं, आणि मुलांचं काय? तर त्या गोड हसून म्हणाल्या की तुझं म्हणणं जरा वेगळं आहे. मी बाहेर आले.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही दयाळूपणाचा आठवडा केला. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी खेळाच्या हॉलमध्ये मुलांच्या वर्षभराच्या कामाचं प्रदर्शन, आणि शाळेत फुकट राबणाऱ्या सगळ्यांचे आभार. आर्डिसआजीला मुलांनी रंगवलेल्या चौकोनांची गोधडी द्यायची ठरली. वर्गात विषयही तोच दिला, दया, मातीत. बहुतेकांनी बदाम केले, कुणी फूल देणारे हात केले. मी जांभया देत फिरत होते, तेवढ्यात ओडेसाचं काम दिसलं.

ओडेसा प्रुइट तिसरीत आहे. तिचा बाप दुधाचा टँकर चालवतो, जानेवारीत ती दोघं आर्कान्सातून आली. पोरगी आल्यापासून जेमतेम बोलली होती. तिनं शाळेच्या बसमधला बाक केला होता. एका टोकाला मुलगी बसलेली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं हाताचा पंजा पसरून ठेवलेला. हे काय गं, म्हणून विचारलं, तर पहिल्यांदाच सलग बोलली. पहिल्या दिवशी ती बसमध्ये चढली तेव्हा प्रत्येक मुलीनं शेजारी असाच हात ठेवला होता, जागा दुसऱ्या कुणाची आहे म्हणून.

"पण ही हात ठेवून बसलीय ते जिला कुणी बसू देत नाही तिच्यासाठी," ती म्हणाली.

"मग ती कुठाय?"

"अजून चढली नाही."

मी तिच्या हातातली उरलेली माती काढून घेतली. म्हटलं, पुरे, आता याला बोटसुद्धा लावू नकोस. त्या पंज्याची पाच बोटं वळायला तिनं अख्खा तास घालवला होता. मग ती रोज येऊन विचारायची, भट्टीत कधी जाणार, फुटणार तर नाही ना. शुक्रवारी बघायला यायचं म्हणून बापानं पाळी बदलून घेतली होती. या गावात तिच्या हातची एकच वस्तू सगळ्यांपुढे मांडली जाणार होती, ती ही.

नेमकी बुधवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली. भट्टी आजीनं भरली, ती नेहमीच भरते. शुक्रवारी सकाळी झाकण उघडलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाकावर दुसरी मुलगी बसली होती. गोल गाल, कुरळे केस, ओठभर हसू. तिनं पहिलीच्या गळ्यात हात टाकलेला, आणि पहिलीचा तो पंजा बाकावरून उचलून या दुसरीच्या हातात दिलेला. ओली माती असती तर मी तेव्हाच ओरबाडून काढली असती. पण भाजलेल्या मातीचं काय करता? दगड झाला होता नुसता.

ते काम तसंच उचलून क्वामबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "अय्या, किती गोड!" मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाल्या, आज नको बर्नी, आज तिचा दिवस आहे, सोमवारी शांतपणे बोल. पोरगी आज संध्याकाळी बघणार आहे, मी म्हटलं. तर म्हणे मुलं विसरतात. आणि ते काम त्यांनी स्वतः नेऊन हॉलच्या दाराशी मधल्या टेबलावर मांडलं, कारण आता सगळ्यांत सुंदर तेच दिसत होतं. मी भांडले. हातघाईवर यायचं तेवढं बाकी ठेवलं. काही उपयोग झाला नाही.

मधल्या सुट्टीत ओडेसाला मीच सांगितलं. ती रडली नाही. आजीनं का केलं, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, तिला वाटलं तुझी मुलगी एकटी पडलीय. "मग मला विचारायचं ना," ती म्हणाली, आणि पुढ्यातलं दूधही न पिता उठून गेली.

संध्याकाळी हॉल भरला. ओडेसा आणि तिचा बाप दारातून आत येतात तोच आजीनं तिला गाठलं. निळा ठेवणीतला स्वेटर, आनंदानं लाल झालेला चेहरा. हात धरून टेबलापाशी घेऊन गेली.

"बघ बाळा, आता एकटीनं बसायला लागणार नाही तिला."

"हे माझं नाही," ओडेसा म्हणाली.

"अगं, तुझंच तर आहे."

"माझी मुलगी जागा धरून बसली होती. आता कुणी चढलं तर बसणार कुठे?"

आजी हसायला गेली आणि मध्येच थांबली. मग माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"सकाळी भट्टी उघडल्यापासून."

"आणि बाकीची कामं? मी नीट केलेली?"

"मी सांगितलं होतं, आजी. तू हसलीस."

"मग ओरडायचंस माझ्यावर," ती म्हणाली. "इथं सगळेच हसून बोलतात. मला कळायचं कसं?"

तेवढ्यात माइकवरून क्वामबाईंनी तिचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, दोन मुलं गोधडी धरून उभी राहिली. आजी व्यासपीठाकडे गेलीच नाही. ती पहिल्या टेबलापाशी गेली, मागे उभ्या असलेल्या मुलीला तिनं विचारलं, "यात माझं काय आहे गं?"

"डोळे," मुलगी लगेच म्हणाली. आजी काहीतरी बक्षीस देणार असल्यासारखी ती खूश होती.

पुढच्याला विचारलं. त्यानं सांगितलं, शेपूट आणि मागचे दोन पाय. त्याच्या पुढचीनं सूर्य दाखवला. मुलं आपापली टेबलं सोडून धावत यायला लागली, माझं पण विचार, माझं पण विचार. माइकवर तिचं नाव पुन्हा आलं. इतकी वर्षं हे तिला कळावं म्हणून मी तळमळत होते, आणि आता मला तिच्याकडे बघवेना. मी जाऊन तिचा दंड धरला, म्हटलं, चल आजी, पुरे. तिनं माझा हात बाजूला केला.

शेवटच्या टेबलापाशी चौथीतला एक उंच मुलगा सुबक घोड्यामागे उभा होता. आजीनं त्यालाही विचारलं.

"सगळंच तुझं आहे, आजी," तो म्हणाला. "मी फक्त खाली नाव घातलं."