वहिनीच्या गाडीतला पिवळा दिवा

गेल्या मंगळवारी नेकनूरहून बीडला निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

गाडी माझा चुलतभाऊ बाळूदादा चालवत होता. शेजारी त्याचे वडील, म्हणजे माझे चुलते, नाना. मागे मी आणि सुरेखा वहिनी. वहिनी खिडकीबाहेर बघत होती... आणि दादाचं लक्ष सारखं डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे.

एबीएसचा दिवा. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठी ही यंत्रणा असते. दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतात, पण ऐनवेळी सांभाळून घेणारं काही उरत नाही.

काही दिवसांपूर्वी वहिनी एकटी गाडी चालवत असताना स्पीडब्रेकरवर तो लागला आणि घरात तिथल्या तिथं निकाल झाला. "आदळली आसंल तिनं," दादा म्हणाला. नानांनीही मान डोलावली. चावी कपाटात गेली.

वहिनी गाडी शिकली ती हौसेनं नाही. तिचं माहेर चौसाळ्याला. आईला अर्धांगवायूचा झटका आलेला, व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा बीडच्या दवाखान्यात न्यावं लागतं. भाऊ पुण्याला, आणि आईला एसटीची पायरी चढवत नाही. हाताची बोटं आत्ता कुठं हलायला लागली होती... आणि फेऱ्या बंद पडल्या.

सलीमभाईंच्या गॅरेजला उतरल्या उतरल्या दादानं सांगून टाकलं, "भाई, बल्बच काढून टाका राव. डोक्याला ताप न्हाई."

सलीमभाई हसले. "ताप आला म्हणून थर्मामीटर फोडता का भाऊ? बसा, च्या घ्या."

त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून सिग्नल तुटतोय, असं निघालं. बिघाडाचा कोड पुसून ते स्वतः एक फेरी मारून आले... पहिल्याच खड्ड्यात दिवा पुन्हा हजर.

"म्हनलं न्हवतं का?" दादा वहिनीकडे बघून म्हणाला. वहिनीनं पदर नीट केला.

मग गाडी लिफ्टवर चढली. सलीमभाई बॅटरी घेऊन खाली शिरले आणि थोड्या वेळानं आतूनच ओरडले, "भाऊ, ही चप्पल कुणाची हाय?"

आम्ही वाकून बघितलं. चाकामागं चिखलानं माखलेली एक जुनी चप्पल सुतळीनं लटकत होती. नजर लागू नये म्हणून आपल्याकडं गाडीला चप्पल बांधतात, त्यात नवल नाही. पण ही सुतळी बांधली होती थेट सेन्सरच्या वायरला! प्रत्येक खड्ड्यात चप्पल झोका घ्यायची, वायरला हिसका बसायचा... वरून वायर धड दिसत होती, आतली तार तुटलेली.

दादा भडकला. "कोन येडा हाय बे ह्यो? वायरीला कुनी चप्पल बांधतं का!"

नाना पुढे झाले.

"मी हाय त्यो येडा."

दादाचा आवाज एकदम खाली आला. "कावून पन, नाना?"

"सूनबाई पयल्यांदा एकटी निघाली, त्याच्या आदल्या दिशी बांधली. लई भ्याव वाटत हुतं. बंपर समदं प्लास्टिकचं, बांधायला जागाच न्हाई... ती वायर गावली." मग वहिनीकडं न बघताच म्हणाले, "चावी काढून घेतली तवा मलाबी वाटलं, तिचंच चुकलं आसंल."

ज्यांना खुर्चीतून उठताना दोन वेळा थांबावं लागतं, ते नाना गाडीखाली आडवे होऊन गाठ मारून आले होते. घरात कुणाला पत्ता नाही...

मला वाटलं, आता वहिनी बोलणार. तिचा हक्कच होता. पण ती सलीमभाईंकडे वळली. "भाई, दुसरीकडं कुठं बांधता यील का ती? वायर नसंल आशा जागी?"

सलीमभाईंनी गाडी ओढायचा मागचा हूक दाखवला. "हितं चालंल. चाकापासून लांब हाय." आणि चप्पल धुऊन, नवी सुतळी आणून, त्यांनी स्वतःच बांधली.

वायरसकट नवा सेन्सर दुकानातून आला, बसला, वायर क्लिपांत नीट अडकवली. या वेळी फेरीला आम्हीही गेलो. तोच खड्डा मुद्दाम घेतला, मोकळ्या जागेत ब्रेक दाबून बघितला... दिवा लागला नाही. "झालं काम," सलीमभाई म्हणाले.

निघताना दादा सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं चालला. नाना पुढच्या सीटवर बसलेच होते. ते म्हणाले, "बाळू, चावी तिला दे. तू मागं बस."

दादानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि चावी दिली. वहिनीनं सीट पुढं ओढली, आरसा सारखा केला. नानांना बेल्ट लावता येईना, तिनंच वाकून लावून दिला.

"आदी चौसाळा," नाना म्हणाले. "विहीनबाईंना घिऊन येऊ. आज व्यायाम झालाच पायजे."

मला खरं तर बीडलाच उतरायचं होतं, एक मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. उशीर होईल असं कळवून टाकलं आणि दादाशेजारी बसून राहिलो...

ज्यांना आपली काळजी असते, तेही कधी कधी आपल्यावर चुकीचा ठपका ठेवतात. पण चारचौघांत "मी हाय त्यो" म्हणायला फार थोडे पुढे येतात. नाना आले. त्यांचे मनापासून आभार... घरी त्यांच्या तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथं.