उसवलेली कादंबरी

माझ्या खोलीच्या बरोबर खाली पुस्तकबांधणीचं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळी गल्ली नुसतं ‘बाइंडर’ म्हणते, आणि तेही हाकेला ओ देतात. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ती कागद कापायच्या यंत्राने घेतली. अंगाला कायम खळीचा वास. काम करताना ते शिट्टी वाजवतात. कुठलंच गाणं नाही, आपली नुसती वरखाली जाणारी शिट्टी. सकाळी ती सुरू झाली की मी समजते, पुठ्ठे कापून झाले, आता शिवण चालू झाली.

आयुष्य पुस्तकांत गेलं तरी साठीपर्यंत त्यांनी एकही कादंबरी वाचली नव्हती. “मी पुस्तक बाहेरून वाचतो,” असं ते अभिमानाने सांगायचे. पानांचे आकडे तपासायचे, फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, जुळवायच्या, शिवायचे, संपलं. त्यांना वाचायला लावलं ते सिस्टरने. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. एका पुस्तकाची पाठ चिकटवून घ्यायला आल्या आणि सरस वाळेपर्यंत त्यांनी त्यातलं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाइंडरांनी विचारलं, “पुढे काय झालं त्या बाईचं?” झालं! तेव्हापासून दर शनिवारी दुपारी दुकानात आमचं वाचक मंडळ भरतं. बाइंडर, सिस्टर, गणिताचे निवृत्त मास्तर आणि मी. बाइंडरांची लेक छापखान्यात मुद्रितं तपासते. ती सुटली की येऊन दारातल्या स्टुलावर बसते.

तर एका अमेरिकन लेखकाची गोष्ट. त्याच्या कादंबरीचा अनुवाद नुकताच आला होता आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नुसता धुरळा उडाला होता. नायकाचं नाव लेखकाचंच. बाप त्याचाच, बॉयलर दुरुस्त करणारा. बायका त्याच्याच, एकीमागून एक. नातेवाइकांनी बोलणं टाकलं, एका मेव्हण्याने कोर्टात खेचलं, आणि हा वर म्हणतो की ही कादंबरी आहे, खरं समजू नका! कोणी त्याला निर्लज्ज म्हणत होतं, कोणी धाडसी. आमच्या वाचनालयाने ‘कुटुंबांत वाचण्याजोगी नाही’ म्हणून ती घ्यायला नकार दिला. त्याच संध्याकाळी सिस्टरने स्वतःच्या पैशाने मागवली.

प्रत एक, वाचणारे चार, आणि पुस्तक विटेएवढं जाड.

“मी आधी,” सिस्टर म्हणाल्या. “पैसे माझे.”

“वयाचा काही मान?” मी म्हटलं.

“तुम्ही दोघी वाचेपर्यंत मी वर जाईन,” मास्तर म्हणाले.

बाइंडरांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “एवढंच ना? चार तुकडे करतो.”

आमच्या शाळेतल्या नन्सनी पुस्तकाच्या पानाचा कान मुडपला तरी उभं केलं होतं मला. मी ओरडलेच, “अहो, फाडताय काय!”

“फाडत नाही बाई, उसवतोय. फाडणं वेगळं.” आणि त्यांनी सुरीच्या टोकाने पाठ मोकळी केली, दोरे कापले आणि चार नीट गठ्ठे करून प्रत्येकाला पातळ पुठ्ठा लावून दिला. आठवड्याने एकमेकांत बदलायचे, असं ठरलं. मास्तरांना पहिला भाग, बाइंडरांना दुसरा, मला तिसरा, सिस्टरला चौथा. आम्हाला वाटलं, काय डोकं चाललंय! सगळे एकाच वेळी वाचणार, कोणी कोणाची वाट बघायला नको.

तो आठवडा मी विसरणार नाही. माझ्या वाट्याला नेमक्या बायका आल्या. मी तो भाग ब्राउन पेपरचं कव्हर घालून वाचला, आणि न्याय्य मत बनवायला हवं म्हणून दोनदा वाचला. जिन्यात मास्तर भेटले तर एकटेच हसत होते. सिस्टर भाजी घेताना दिसल्या तेव्हा डोळे सुजलेले. आणि खालची शिट्टी बुधवारपासून बंद.

शनिवारी सगळे वेळेआधीच हजर. कोणाला धीरच नव्हता.

“काय विनोदी माणूस हो!” मास्तरांनी सुरुवात केली. “ते शाळेतलं बेडूक प्रकरण! पोट दुखेपर्यंत हसलो.”

“विनोदी?” मी म्हटलं. “अहो, लंपट माणूस आहे तो! तीन बायकांना एकच प्रेमपत्र पाठवतो, नुसतं वरचं नाव बदलून.”

“तुम्ही दोघं काय बोलताय?” सिस्टर उसळल्या. “मी चाळीस वर्षं माणसं मरताना बघितली. पण आपल्या बापाला असा आंघोळ घालणारा मुलगा मी बघितला नाही. देवमाणूस आहे तो!”

“देवमाणूस!” बाइंडरांनी टेबलावर असा हात आपटला की दाभणं उडाली. “नालायक आहे. बाप जेवताना आवाज करतो, लिहिलं. बाप बँकेत गेला की चळाचळा कापतो, लिहिलं. बापाने एकदा रागाच्या भरात याची वही बॉयलरमध्ये टाकली, तेही लिहिलं. अरे, ज्याने राबून तुला शिकवलं त्याचं धुणं तू चव्हाट्यावर धुतोस? आणि लोक पैसे देऊन बघतात!”

“पण त्याच बापाला तो शेवटी...”

“शेवटचं मला सांगू नका, सिस्टर! माझ्याकडे आहे तेवढं मला पुरे.”

एव्हाना रस्त्यावरची दोन माणसं काय झालं म्हणून डोकावून गेली. मास्तर बेडूक बेडूक करत होते, मी पत्रं पत्रं करत होते, सिस्टर रडत भांडत होत्या. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मास्तर घसा खाकरून म्हणाले, “हे बघा, एक हत्ती होता आणि...”

“मास्तर, आंधळे आणि हत्ती काढाल तर चहा मिळणार नाही,” सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात दारातल्या स्टुलावरून लेक म्हणाली, “बाबा, मग माझं उत्तरही तेच का?”

बाइंडर दाभणं गोळा करू लागले.

“कसलं उत्तर?” मी विचारलं.

मग कळलं. पोरीनेही कादंबरी लिहिली होती. घरची, दुकानाची. प्रकाशक छापायला तयार होता, सोमवारी त्याला होकार कळवायचा होता. पण ती म्हणाली होती, बाबा नाही म्हणाले तर छापणार नाही. बुधवारी तिने बापाला एक प्रकरण वाचायला दिलं. बाइंडरांची बोटं गेली, त्या वर्षाचं. तेव्हा त्यांनी तिचं कॉलेज थांबवून तिला वर्षभर दुकानात बसवलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘हात बरा झाला तेव्हा सगळे आनंदाने हसले, आणि मला हसू आलं नाही, कारण बाबांनी माझं एक वर्ष पुस्तकांच्या आत शिवून टाकलं होतं.’

“खोटं आहे का ते, बाबा?”

“खोटं असतं तर हसलो असतो,” बाइंडर म्हणाले. “घेतलं मी तुझं वर्ष. मला माहितेय, तुला माहितेय. आता काय, दवंडी पिटायची? या अमेरिकनासारखी?”

“तुम्ही सांगाल तसं,” लेक म्हणाली. आवाज बारीक होता, पण बारीक आवाजातच ती पुढे म्हणाली, “फक्त एक सांगते. तासभर ऐकतेय मी. तुम्ही चौघं चार वेगवेगळ्या माणसांवर भांडताय.”

बाइंडर ताडकन उठले. “आणा ते गठ्ठे. सगळे. शिवून टाकतो. हा तुकड्यांचा धंदाच नको.”

आम्ही गुपचूप गठ्ठे पुढे केले. त्यांची पद्धत अशी की शिवायला घेण्याआधी पुस्तक मागून पुढे तपासायचं, एकेका पानाचा आकडा बघत. म्हणजे चौथा भाग आधी. ते उभ्यानेच पानं उलटू लागले. आकडा, पान, आकडा, पान. मग अंगठा एका पानावर थांबला. आम्ही बघत होतो. सिस्टरने “आंघोळीचं पान” असं पुटपुटत माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. अंगठा पुढच्या पानावर गेला, तिथेही थांबला. ते हळूच खुर्चीवर टेकले. आकडे बघणं केव्हाच संपलं होतं.

बऱ्याच वेळाने मान न उचलता ते म्हणाले, “दुकान बंद आहे. जा सगळे.” आम्ही निघालो तेव्हा मागून लेकीला म्हणाले, “ए, तू थांब. तुझं ते, बाकीचं कुठे आहे?”

“घरी आहे. पण बाबा, तुमच्याबद्दल सगळ्यात वाईट होतं तेवढं मी आधीच दाखवलं. लपवून ठेवलं असं नको व्हायला.”

“म्हणजे तूही उसवूनच दिलंस,” बाइंडर म्हणाले. “घेऊन ये. सगळं. पहिल्या पानापासून.”

रविवारी दुकान बंद असतं. पण सकाळपासून खाली दिवा होता. मी जिन्यावरून खाली जायची काही ना काही कारणं काढत होते. दुधाची पिशवी, टपाल, मग निव्वळ खोटं कारण. अर्ध्या उघड्या दारातून एवढंच दिसे की ते खळीचं पातेलं बाजूला सारून वाचत बसले आहेत आणि लेक समोर पुठ्ठे कापते आहे, ज्यांची कोणाला गरज नव्हती. शिट्टी नाही. दुपारी एकदा मोठ्याने हसणं ऐकू आलं. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. डायरी उघडून बसले तर लिहायला एकच वाक्य सुचलं, “अजून वाचताहेत.”

सोमवारी सकाळी कोणी न बोलावता आम्ही तिघं दुकानात. मास्तर म्हणाले, मी सहज आलो. सिस्टरही सहज आल्या होत्या. लेक कामावर जायच्या कपड्यांत उभी.

बाइंडरांनी हस्तलिखित टेबलावर ठेवलं आणि कडा ठोकून सरळ केल्या. “मला वाटलं होतं ते पान शेवटचं आहे,” ते म्हणाले. “त्याच्यापुढेही पानं आहेत. मी तुला सुई धरायला शिकवलं ते आहे. तू परत कॉलेजात गेलीस त्या दिवशी मी दिवसभर चुकीची पानं शिवली, ते पण आहे. ते तुला कसं कळलं?”

“मीच तर संध्याकाळी उसवली ती.”

“हं.” त्यांनी पुन्हा एकदा कडा ठोकल्या. “वर्षाचं ते राहू दे. लागलं मला. पण तसंच लागायला पाहिजे. दे छापायला.”

सिस्टरने टाळ्याच वाजवल्या. मास्तर नाक शिंकरू लागले. मी, शाळेत मोठ्याने हसले म्हणून शिक्षा भोगलेली बाई, चक्क ओरडले.

“थांबा!” बाइंडर गरजले. “एक गोष्ट काढायची. ती असली तर छापायचं नाही.”

लेकीने हस्तलिखित जवळ ओढलं. “कुठली?”

“पान दोन. लिहिलंयस, बाबा काम करताना शिट्टी वाजवतात. मी शिट्टी वाजवत नाही.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“वाजवता, बाबा.”

“अजिबात नाही. चांगली सवय नाही ती. सगळं खरं लिहिलंस, आणि हीच एक थाप? विचार यांना. बाई वरच राहतात. बाई, तुम्ही कधी ऐकलंय?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी म्हटलं, “तुम्ही आधी त्या अमेरिकनाला शिवून टाका बघू. तोवर मी आठवते.”

“ते काय, आत्ता!” असं म्हणून त्यांनी चौथा भाग जवळ ओढला, सुईत दोरा ओवला, पहिला टाका घातला. दुसरा घातला. लेक दाराशी चपला घालत होती. तिसऱ्या टाक्याला शिट्टी सुरू झाली, वरखाली, कुठल्याच गाण्याची नाही. लेकीने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि प्रकाशकाला होकार कळवायला निघून गेली.