शहागंजहून आणलेलं यकृत
आज संध्याकाळी शेजारच्या स्वयंपाकघरातून कलेजी परतल्याचा वास आला आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबला. पीएचडीच्या दिवसांत मी शहागंजच्या एका खाटकाकडून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये बकरीचं यकृत आणायची. पेशीत प्रथिनं बनवायला सुरुवात करून देणारा एक घटक त्यात किती आहे, ते मला पाहायचं होतं. एका सकाळी खाटकाची सुरी मध्येच थांबली. "मॅडम, ये तो गाभन निकली. बच्चे का कलेजा भी दूँ क्या?" तुलनेसाठी वाढतं यकृत मिळालं तर आण, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं. मी हो म्हणाले. मलाही दिवस गेले होते, पण तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला बोलू नको, असं सासूबाईंनी बजावल्यामुळं प्रयोगशाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बोटभर तुकडा हाताला अजून कोमट लागत होता. तो घटक जितका जास्त, तितका तपासणीच्या फिल्मवर पट्टा गडद उमटतो; दोन्ही यकृतांतलं प्रथिन सारख्याच मापानं घेतलं, तरी आईचा पट्टा पुसट उमटला आणि पिल्लाचा काळाभोर. सर हरखले. "बघ, किती जोरात वाढत होतं ते!" सगळ्यांसाठी चहा आला. मी माझा कप बाजूला ठेवला. टेबलाखाली हात आपसूक पोटावर गेला होता. तीच लेक आता अकरावीत जीवशास्त्र शिकते. भाकरी करपायला लागली तशी ती आत आली आणि सहज म्हणाली, "आई, तुझ्या प्रबंधातला तो घटक सगळ्यात जास्त कुठं सापडला होता गं?" मी म्हणाले, "यकृतात." कुणाच्या, ते माझ्यानं सांगवलं नाही.