पोलाद आणि पांढरी अळंबी

रिम्मा साव्हेल्येव्नाने उभ्या आयुष्यात पाणबुडी पाहिली नाही. लेनिनग्राडच्या एका संस्थेत ती पाणबुडीच्या कवचाचं पोलाद तयार करायची, आणि त्या कामाला पाणबुडी बघावी लागत नाही.

नुसतं मजबूत पोलाद कुणीही करतं. वेल्डिंग केलं की ते जोडाशेजारी तडकायचं. तेही लगेच नाही. दोन-तीन दिवस गप्प राहायचं, सगळ्यांची अभिनंदनं उरकली की तडकायचं. रिम्माने कार्बन कमी केला, निकेल वाढवलं. मधल्या काळात नवरा सोडून गेला. शेवटी पोलाद तडकायचं थांबलं.

सप्टेंबरात नौदलाच्या समितीपुढे अखेरची चाचणी होती. सोमवारी रात्री वेल्डिंगचे रॉड भट्टीत वाळले, मंगळवारी म्हाताऱ्या वेल्डर लुकिचने जोड दिला. शुक्रवारी समिती चहा पीत असताना जोडलेल्या पोलादी प्लेटमधून ‘टक्’ असा आवाज आला.

संचालक इन्नोकेंती पाव्लोविच म्हणाले, "गुंडाळा हे पोलाद, रिम्मा साव्हेल्येव्ना. जुनंच बरं."

रिम्मा लुकिचकडे गेली. "रॉड नीट वाळवलेत ना?"

"भट्टी साडेतीनशे अंशांवर ठेवून घरी गेलो, बाई. सकाळी येऊन बघतो तर सत्तरवर! म्हटलं, रात्रभर चालून आता निवत असेल."

"सत्तरवर काय वाळतं हो, लुकिच?"

रविवारी अख्खी संस्था टोपल्या घेऊन जंगलात अळंबी वेचायला गेली होती. सत्तरवर काय वाळतं, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रिम्माने भट्टीत हात घातला. कोपऱ्यात दोऱ्याचा तुकडा होता आणि त्यात ओवलेली अळंबीची एक चकती. रॉडच्या लेपात ओल राहिली की तिच्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि मग सवडीने पोलाद फोडतो. इथे तर रॉड वाळलेच नव्हते, वर त्यांना अळंब्यांची वाफ मिळाली होती.

तिने तो दोरा समितीच्या टेबलावर ठेवला. "पोलादात दोष नाही. रॉड ओले होते. त्यांच्या भट्टीत ही वाळत होती. चाचणी परत घ्या."

समितीचे प्रमुख, एक वयस्क ॲडमिरल, यांनी चकती उचलून हुंगली. "पांढरी आहे. यंदा आम्हाला एकही मिळाली नाही. कुठल्या जंगलातली?"

"ते नाही सांगणार," इन्नोकेंती पाव्लोविच ताडकन म्हणाले.

चांगल्या अळंब्यांची जागा कुणीच सांगत नाही. विचारलं की तोंडातून आपोआप हेच निघतं. सगळे संचालकांकडे वळून बघू लागले.

"परत घ्या," ॲडमिरल म्हणाले.

या वेळी लुकिच भट्टीला पाठ टेकूनच झोपला. जोड दिल्यावर समितीने आठवडाभर प्लेटशेजारी बसून चहा प्यायला. प्लेट काही बोलली नाही. पोलाद मंजूर झालं, भट्टीला कुलूप लागलं आणि किल्ली रिम्माकडे आली.

ती निवृत्त झाली तेव्हा इन्नोकेंती पाव्लोविचनी तिला पांढऱ्या अळंब्यांची लांबलचक माळ दिली.

"कुठली हो?" तिने विचारलं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंदा थंडी लवकर पडणार बहुतेक."