कुसळ दाखवणारा कॅमेरा

भाताचं बी निवडावं तर वेल्ह्याच्या बाळाबाईंनीच. शिबिरात भाषण ठोकणाऱ्यांनी जन्मात कधी सूप धरलेलं नसतं. बाळाबाई सुपात मूठभर दाणे पसरतात आणि भेसळ बोटानं टिपतात. पण गेल्या साली सून नूतननं त्यांचा धडा मोबाईलवर काढून बचत गटातल्या बायकांना धाडला. त्यात दाणे म्हणजे नुसता पिवळा चिखल! बायकांनी अंदाजानं बी निवडलं, शेतात भलतंच उगवलं आणि बोल आला बाळाबाईंवर. "म्हातारीची नजर गेली," असं कुणीतरी यष्टीच्या थांब्यावर म्हणालं. ते फार झोंबलं. गटानं चांगला कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तशा बाळाबाई उसळल्या, "निवडायचं काम माजं. म्याच निवडनार."

पदराच्या गाठीत बी बांधून सासूसुना भोरच्या दुकानात गेल्या. दुकानदार स्वरूपनं पहिला कॅमेरा म्हातारीच्याच तोंडावर धरला.

"बघा आजी, एचडी! वीस वर्षांनी लहान दिसताय."

"माज्या सुरकुत्या कुठं घातल्यास रे? एवढाले चर ज्याला दिसत न्हाईत, त्याला कुसळ काय दिसनार? हा लग्नातल्या नवरीला दाव."

मग त्यांनी काचेवर गाठ सोडली. "ह्यात भेसळीचा एकच दाना हाय, कुसळाचा. तुजं यंत्र हुडकू दे."

दुसरा कॅमेरा दाण्याजवळ नेला की आंधळा व्हायचा. तिसऱ्यानं मात्र दाणा बोटाएवढा करून दाखवला, टोकाचं केसासारखं कुसळसुद्धा लख्ख.

"हा बघा एक," स्वरूप म्हणाला. "आणि हा दुसरा."

"दुसरा कुठला? निवडलंय कुनी?"

नूतन वाकली. "आत्या, हाय की वो."

बाळाबाईंनी दाणा नाकापर्यंत नेला. होता खरा.

"दुसऱ्याचं कुसळ दिसतं..." नूतननं सुरू केलं.

"गप! मुसळापातुर जाऊ नगंस. ए पोरा, हाच बांध. पर हितली गोष्ट वेल्ह्यात जाता कामा न्हाई."

स्वरूप खाकरला. "आजी, लाल दिवा लागलाय. सगळं आत गेलंय."

बाळाबाईंनी त्या दिव्याकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं. पदर खोचला.

"मग पुसू नगंस. नूतन, पयला धडा ह्योच लाव. सांग बायांना, बाळाबाईचं बी चुकतं, तवा दोनदा निवडा."

"आन् नजरेचं काय सांगू, आत्या?"

"नजरेला काय झालंय? कॅमेरा निवडला कुनी?"