कर्नल आणि आमचा कारकून

जबलपूरच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. त्या दिवशी वर्गात फ्रान्सच्या सैन्यातल्या एका ज्यू कॅप्टनची गोष्ट सांगत होतो. हेरगिरीच्या चिठ्ठीतलं अक्षर त्याचंच ठरवून लष्करी कोर्टाने त्याला दूरच्या बेटावर डांबलं. तो ज्यू होता, म्हणून पुरावा नीट तपासायची कुणाला गरजच वाटली नाही. पुढे एका कर्नलच्या लक्षात आलं, की अक्षर दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे. या कर्नललाही ज्यू आवडत नसत, तरी तो गप्प बसला नाही आणि त्यापायी तुरुंगात गेला. एका लेखकाने जाहीर पत्र लिहून देश हलवला. कॅप्टन निर्दोष ठरायला बरीच वर्षं लागली.

"सर, कर्नल को क्या पड़ी थी?" एका मुलीने विचारलं. 

त्याच आठवड्यात आमच्या चौकशी समितीने प्राचार्यांविरुद्धच्या निनावी पत्रासाठी एका कारकुनाला दोषी धरलं होतं आणि त्याला निलंबित केलं गेलं होतं. तो उद्धट होता, मला आवडत नसे. समितीचा सदस्य म्हणून अहवालावर मीही सही केली होती.

विजय नगरला घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "ते पत्र मी धड पाहिलंच नाही."

"मग काहून बसून राहिले? उद्या पाहा ना."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र मागवून त्याच्या रजेच्या अर्जाशेजारी ठेवलं. अक्षर जुळत नव्हतं. मी सही मागे घेतली, तसे समितीतले दोघं चिडले, पण चौकशी पुन्हा झाली. महिन्याभराने कारकून कामावर परतला. माझ्याशी तो आजही तुटकच बोलतो.