व्याजात धरलेले गणपती

२५ ऑगस्ट १९९६. तांदूळ निवडत होते. अर्धं सूप तसंच टाकून रोह्याहून पेणची एसटी धरली, कारण मुलीच्या डिप्लोमाची फी बुधवारपर्यंत भरायची होती आणि ते आठ हजार माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे अडकले होते.

शिवणकामातून साठलेले पैसे मी शेकडा दोननं देत असे. फक्त ओळखीच्यांना, कागद न करता. ओळख म्हणजेच कागद, असं तेव्हा वाटायचं. मैत्रिणीचा रामवाडीला गणपतींचा कारखाना. माती-रंगाला म्हणून तिनं दोन वर्षांपूर्वी पैसे नेले होते.

"ये गो, बस. चहा टाकते."

"चहा नको. पैसे दे. व्याजाचं नंतर बघू."

"व्याज कुठलं रायलंय? दोन वरसं घरी गणपती नेलास ना?"

"तेव्हा तूच म्हणालीस, मैत्रिणीकडून देवाचे पैसे घेत नाय."

"घेतले कुठं? व्याजात धरले."

आणि मी दोन्ही वर्षं त्या मूर्तींपुढे तिच्या धंद्यासाठी हात जोडले होते.

"मग मुद्दल?"

"गणपती झाल्यावर. होते ते पैसे काल पनवेलचा सावकार घेऊन गेला. तो दारात बसून शिव्या घालतो. तू काय शिव्या घालणार नायस."

"नाय घालणार," म्हटलं, आणि उठून फळीवरच्या मूर्ती बघायला लागले. रंग झालेल्या, नावाची चिठ्ठी न लावलेल्या. चारशे रुपयांच्या वीस निघाल्या.

"गणपती उचलून नेतेस? पाप लागेल गो!"

"तेही व्याजात धर."

ती रडली नाही, भांडलीही नाही. मूर्ती फुटू नयेत म्हणून मी बोलावलेल्या टेम्पोत पेंढा तिनंच नीट अंथरून दिला. त्याचाच जास्त राग आला. भाडं मी भरलं. निघताना कोणी कोणाला 'ये' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धाटाव एमआयडीसीच्या नाक्यावर ताडपत्रीखाली मूर्ती मांडून बसले. रात्रपाळी सुटली. नवऱ्याच्या कंपनीतला एक फिटर स्कूटर थांबवून हसला. "वहिनी, सावकारी सोडून देव विकायला काढलेत? आमच्या नावावर एक लिहून ठेवा, पगार झाला की देतो."

"रोख," म्हटलं, आणि त्याच्या मागच्याला किंमत सांगितली.